‘स्वान लेक’ बॅले बघायचाय? बाल्कनीतच बसा

पहिल्या रांगेचं महागडं तिकीट नको. रंगमंच उंच असला तर नर्तिकांचे पायच नीट दिसत नाहीत. पॉइंट शूजची, म्हणजे बोटांच्या टोकावर नाचायच्या कडक बुटांची, टकटक तेवढी ऐकू येते. पहिल्या बाल्कनीचा मधला भाग उत्तम, दुसऱ्या अंकातल्या हंस झालेल्या नर्तिकांच्या रांगा वरूनच उलगडतात. कडेच्या खुर्च्या स्वस्त, पण एक कोपरा हमखास कापला जातो.

दुर्बीण तिप्पट मोठं दाखवणारी पुरे. दहापटीची हातात थरथरते, शिवाय एकच चेहरा धरून बसते. पेतिपा आणि इव्हानोव्ह या नृत्यदिग्दर्शकांच्या १८९५च्या मांडणीवरचा प्रयोग असेल, तर तिसऱ्या अंकात ओडिल, म्हणजे हंसराणीचं रूप घेतलेली मांत्रिकाची मुलगी, एका पायावर ३२ गिरक्या घेते. तेव्हा टेकलेल्या पायाकडे बघा: तोल ढळला की पाऊल जागेवरून सरकतं, आणि टाळ्या वाजवणाऱ्या बहुतेकांना ते कळतही नाही!

उशिरा पोहोचलात तर मध्यंतरापर्यंत दाराबाहेर थांबायची तयारी ठेवा.