वाढवता येणारं छोटं घर : राहून आणि एक खोली वाढवून झाल्यावरचा अनुभव

साडेतीनशे फुटाचं घर, पुढे दुप्पट करता येईल असं डिझाईन करून घेतलेलं. राहायला येऊन वर्ष होत आलं आणि मागची पहिली वाढीव खोलीही उभी राहिली, म्हणून आता लिहितेय. छोट्या जागेत राहणं जमून जातं हो, कस लागतो तो वाढवताना, आणि तेव्हा किती तोडफोड करावी लागणार हे पाया खणतानाच ठरलेलं असतं.

राहण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक मोठी खोली, त्यातच ओटा, ओट्याच्या भिंतीला पाठ लावून बाथरूम. सामान ठेवायला जागा कमी पडते, एकाचा फोन चालू असला की सगळ्यांना ऐकावा लागतो, हे धरूनच चालायचं. बाथरूमचं छत सात फुटावर घेऊन वर माळा काढला त्याने बरंचसं निभावलं. म्हणून उंचीत काटकसर करू नका, साडेदहा फूट उंचीमुळे खोली आहे त्यापेक्षा मोठी वाटते.

पाण्याची सगळी कामं एका भिंतीत घेतल्याचा फायदा मात्र खोली वाढवताना कळला. पाइप कमी लागतो वगैरे ठीकच, पण महागाचं आणि किचकट काम आधीच उरकलेलं असल्यामुळे नवीन खोली म्हणजे नुसत्या भिंती, छत आणि थोडं वायरिंग. इंदूरच्या अरण्य या कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या वसाहतीत वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी हाच हिशोब धरला होता, जोतं, संडास-न्हाणी आणि जेमतेम एखादी खोली द्यायची, बाकी ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे चढवायचं. त्याला 1995 मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. चिलीत इकिके शहरात वास्तुविशारद अलेहांद्रो आरावेना यांच्या टीमने 2004 च्या सुमाराला अर्धी घरं बांधली, त्यातही सांगाडा, जिना, किचन, बाथरूम असं लोकांना स्वतः करायला जड जाणारं अर्धं आधी करून दिलं आणि सोपं अर्धं मोकळं सोडलं. पैसे कमी असतील तर टाइल्स आणि रंग मागे ठेवा, पाण्याचं आणि असं जड काम पुढे ढकलू नका.

आता दार. मागच्या भिंतीत जिथे पुढे दार येणार तिथे आधी खिडकी ठेवली होती, रुंदी दाराएवढीच, वरचा लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार घेणारी आडवी पट्टी, पण दाराच्या उंचीला. वेळ आली तेव्हा खिडकी काढली, खालची भिंत पाडली, झालं दार. बीमला हात नाही, छताला टेकू नाही, राडा पण एका सकाळीच आटोपला. अख्ख्या डिझाईनमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

खोली मागच्या पूर्ण रुंदीची घ्या असं गवंड्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांनी सुचवलं, तेवढीच जागा वाढेल म्हणून. नकाशात ती एका बाजूला सरकवून एल आकार केला होता आणि आम्ही त्यालाच धरून राहिलो, कारण पूर्ण रुंदी घेतली असती तर जुन्या खोलीची दुसरी खिडकी नव्या खोलीत उघडली असती आणि मधली जागा दिवसाढवळ्या दिवा लावायची झाली असती. बरीच वाढवलेली घरं बघाल तर मधली खोली हमखास अंधारी आणि कोंदट असते. त्यामुळे खोली कुठे येईल याच्या आधी उजेड-वारा कुठून येत राहील ते नकाशावर बघून घ्या.

ड्रेनेजचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. आमचं दुसरं बाथरूम कधीतरी मागे येणार. चार इंची लाइनला साधारण साठाला एक उतार धरला तर सहा मीटर लांब गेल्यावर पाइप दहा सेंटिमीटर खाली यावा लागतो. पहिलं चेंबर आजच्या गरजेपुरतं उथळ बांधलं की मागचं पाणी त्यात येणारच कसं? आमचं मुद्दाम खोल घेतलंय आणि एक तोंड बूच मारून ठेवलंय.

तक्रारी दोन. नकाशात असूनही कंत्राटदाराने मागच्या भिंतीपर्यंत वायरिंगचा रिकामा पाइप टाकलाच नाही, आता नव्या खोलीची वायर भिंतीवरून केसिंग पट्टीतून गेलीये आणि रोज डोळ्याला खुपते. प्लॅस्टर होण्याआधी फोटो काढून नकाशाशी ताडून बघा. दुसरी तक्रार सांध्याची. जुना पाया बसलेला असतो, नवा अजून बसायचा असतो, दोन्ही भिंती दाते घालून एकजीव केल्या तर तडा जातोच जातो, म्हणून मध्ये दोन-अडीच सेंटिमीटर फट ठेवून फोम आणि सीलंट भरलं. भिंतीत ते मस्त चाललंय, पण वर छताच्या सांध्यावर दोन्ही बाजूंनी छोटा कठडा उचलून टोपी बसवायची होती तिथे नुसता सीलंट फासला, आणि पहिल्याच जोरदार पावसात पाणी आत आलं. परत करून घेतलं तेव्हा थांबलं.

वरचा मजला अजून लांब आहे. पाया आणि कॉलम त्याच्या हिशोबाने घेतलेत, जिना बाहेरून येणार म्हणून स्लॅब फोडायची गरज पडणार नाही. कॉलमच्या सळया वर सोडल्यात, जाडीच्या साधारण पन्नासपट लांब, म्हणजे 16 मिमीच्या सळईला 80 सेंटिमीटर. त्या उघड्या ठेवल्या तर गंजून पुढच्या जोडाला निकामी होतात, म्हणून सिमेंटचा हात मारून वर कच्चं काँक्रीट भरून झाकल्यात, दिसायला अगदीच खुंट. गच्चीवर पाणी जाण्यासाठी दिलेला उतार मजला चढवताना काढावा लागेल किंवा भरून सपाट करावा लागेल, तो खर्च आत्ताच धरून ठेवलाय, आणि तुमच्या कोटेशनमध्ये तो बहुतेक नसेलच, विचारून घ्या.