नवा प्रशिक्षक आल्यावर: खरेदी की सबुरी?

फुटबॉल संघात नवा प्रशिक्षक आला की चाहत्यांत पहिला वाद पेटतो तो खेळाडूंच्या खरेदीवरून. चेल्सी आणि लिव्हरपूल या इंग्लिश क्लबांनी याची दोन अगदी उलटी उत्तरं दिली, आणि गंमत म्हणजे बदलाआधीच्या हंगामात दोघंही प्रीमियर लीगमध्ये तिसऱ्या क्रमांकावरच होते.

चेल्सीने सप्टेंबर 2022 मध्ये टुखेलला काढून ग्रॅहम पॉटरला आणलं आणि जानेवारीत खरेदीचा सपाटा लावला. एकट्या एन्झो फर्नांडेझसाठी जवळपास 10.7 कोटी पौंड मोजले. एन्झो उत्तमच खेळाडू. पण भर हंगामात इतके नवे चेहरे एकमेकांना समजून घेणार कधी? पॉटर एप्रिलमध्ये गेला, संघ बारावा आला.

लिव्हरपूलमध्ये 2024 साली क्लॉपच्या जागी आर्ने स्लॉट आला. क्लबला हवा असलेला स्पॅनिश मिडफिल्डर सुबिमेंडी याने यायला नकार दिला आणि त्या उन्हाळ्यात संघात प्रत्यक्ष आला तो फक्त इटालियन आक्रमक कियेसा. आम्ही चाहते भयंकर चिडलो होतो. मीसुद्धा.

स्लॉटने मात्र घरातल्याच ग्रावेनबर्खला बचावफळीच्या पुढे उभं केलं. पाठीवर प्रतिस्पर्धी असतानाही तो पास घेता घेताच वळायचा आणि समोर अख्खं मैदान मोकळं व्हायचं. एप्रिल 2025 मध्ये टॉटनहॅमला 5-1 ने हरवून लीगचं विजेतेपद पक्कं झालं. आघाडीवीर सालाहचे लीगमध्ये 29 गोल.

क्लॉपने घडवलेला संघ हाताशी होता, हे मान्य. तरीही माझा कौल स्लॉटच्या वाटेला: आधी आहेत ती माणसं पारखा, मगच चेकबुक काढा.