सोनेरी रॉकर आर्म आणि माझे ६७,०५० रुपये

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. ६७,०५० रुपये. त्यातले ३६,८५० पार्ट विकणाऱ्या माणसाने नेले, उरलेले त्याच्या मालाने. लिहायला लाज वाटते, कारण कुडाळपासून बांद्यापर्यंत ओळखीत कुणाची बुलेट रुसली की पहिला फोन मला येतो. काजू कारखान्यात पंधरा वर्षं मेंटेनन्सला फिटर आहे. लोकांच्या खिशात पेन असतं तसा माझ्या खिशात व्हर्निअर असतो. आणि मला गंडवलं कुणी, तर रंग मारलेल्या बिडाच्या दोन तुकड्यांनी.

गाडी बाबांची. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५०, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९०. चांगली चालत होती, तिला काहीही झालेलं नव्हतं. पण गणपतीला मुंबईहून चुलतभाऊ नवी कोरी गाडी घेऊन येणार, आणि आंबोली घाटात दरवर्षीप्रमाणे माझ्या पुढे निघून जाणार, हे खूळ डोक्यात बसलं. जास्त लिफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारे कॅम, कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि टोकाला रोलर असलेले हलके रॉकर आर्म. यादी मीच केली, दोष कुणाला देऊ?

विकणारा मोबाइलवरच भेटला. पत्ता पुण्याच्या नाना पेठेतला. स्पेअर पार्टसाठी नाना पेठ म्हटलं की कुणाला शंका येते? सुरुवातीला सावधगिरी म्हणून फक्त गास्केटचा सेट मागवला, १,६४० रुपये. चार दिवसांत आला, माल एक नंबर. आता कळतं की ते १,६४० म्हणजे गळाला लावलेली कोलंबी होती. मग १२ मे २०२५ ला रॉकर आर्मच्या जोडीचे १८,५०० आणि दोन्ही कॅमचे ९,८०० पाठवले. दोन दिवसांनी स्प्रिंग आणि रिटेनरचे, म्हणजे स्प्रिंगवरच्या टोपीचे ६,२००. १९ तारखेला ‘माल बाहेरचा आहे, कस्टममध्ये अडकलाय’ म्हणून आणखी २,३५०. तेही मुकाट्याने भरले. इथे वाचणाऱ्यांपैकी निम्मे हसले असतील. हसा. कस्टमचे पैसे कुणी मोबाइलवर, खासगी खात्यात मागत नसतं, हे मलाही माहीत होतं. पण ३४,५०० अडकलेले असताना २,३५० साठी कोण मागे फिरतो? नेमक्या याच हिशेबावर त्यांचं दुकान चालतं.

फोनवर तो काय बोलला, यापेक्षा त्याने काय विचारलं नाही, ते बघायला हवं होतं. रॉकर आर्म म्हणजे विहिरीवरची लाट, पाणी काढायची तरफ. एका बाजूने कॅम ढकलतो, दुसऱ्या बाजूला व्हॉल्व्ह दबतो, आणि दोन बाजूंच्या लांबीचं प्रमाण तोच रेशो. अमेरिकेतल्या शेवरलेच्या जुन्या व्ही-८ इंजिनात तो मुळात १.५ असतो, तिथले हौशी लोक १.६ चे बसवतात. कॅमवर ७.५ मिलिमीटर लिफ्ट असेल तर व्हॉल्व्ह ११.२५ ऐवजी १२ मिलिमीटर उघडतो. पाऊण मिलिमीटर वाढला, की स्प्रिंगच्या कड्या एकमेकींवर बसतात का, रिटेनर खाली व्हॉल्व्ह गाइडवर आपटतो का, व्हॉल्व्ह पिस्टनला गाठतो का, सगळं नव्याने तपासावं लागतं. म्हणून खरा जाणकार आधी विचारतो, कॅम कुठला, लिफ्ट किती, स्प्रिंगचा दाब किती, गाडी रोज चालवणार की शर्यतीला. याने एक प्रश्न विचारला नाही. ‘वन पॉइंट सिक्स रेशो आहे सर, फुल रेसिंग’ एवढंच. व्ही-८ चा आकडा पाठ करून बुलेटवाल्याला विकत होता आणि मी ‘हो हो’ म्हणत होतो.

४ जूनला खोकं आलं. दोन आर्म, सोनेरी, चकचकीत. वर्णन होतं ‘बिलेट ॲल्युमिनियम, ॲनोडाइज्ड’, म्हणजे अख्ख्या ठोकळ्यातून कोरलेलं. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक लावून बघितलं, टकन चिकटलं. फोन केला. दुसऱ्या रिंगला उचलला त्याने. ‘सर, रोलर स्टीलचा, मधली पिन स्टीलची, चिकटणारच.’ हे खोटं नाही बरं का. ॲल्युमिनियमच्या आर्ममध्येही रोलर आणि पिन स्टीलचीच असते. पण माझं चुंबक मधल्या कोऱ्या दांडीला चिकटलं होतं, रोलरपासून चांगलं बोटभर लांब. ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि विषय सोडून दिला.

त्याच्यापेक्षा वाईट पुढे आहे. पावसामुळे काम पुढे ढकललं, खोकं पडवीत फळीवर होतं. जुलैच्या मध्यावर उघडलं तर एका आर्मच्या कडेला तांबूस ठिपके. गंज. मी फडक्याने पुसला, वर तेलाचा हात फिरवला आणि खोक्याच्या पिनांचा गंज लागला असेल असं स्वतःला सांगितलं.

अरे, मी कोकणात जन्मलोय! आमच्याकडे पावसाळ्यात खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर पांढरी भुकटी धरते आणि कडीकोयंड्याला तांबडा गंज धरतो, हे शाळेतलं पोरगं सांगेल. खाऱ्या हवेने त्या माणसाचं खोटं सहा आठवडे बसून खरवडून काढलं, माझ्या पुढ्यात आणून ठेवलं, आणि मी ते फडक्याने पुसलं. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण रात्री झोप उडते ती त्या फडक्यामुळे. कारखान्यातला वजनकाटा ग्रॅमपर्यंत दाखवतो, त्यावर आर्म ठेवायला अर्धं मिनिट लागलं असतं. नंतर ठेवला. मूळ आर्मपेक्षा ३१ ग्रॅम जड. हलका म्हणून घेतलेला.

बसवले मीच. आमच्या मिस्त्रीकाकांकडे गणपतीआधीची गर्दी होती, आणि खरं सांगायचं तर ते ‘कशाला ही भानगड’ म्हणतील याची भीतीही होती. काम मात्र मी नीट केलं, हे लिहूनच ठेवतो. रॉकरच्या बेअरिंग ब्लॉकचे दोन भाग जोडीने तासलेले असतात, त्यांची अदलाबदल केली नाही. पुशरॉड, म्हणजे कॅमचा धक्का वर रॉकरला देणारी दांडी, थंड इंजिनात बोटांनी मोकळा फिरेल आणि वर-खाली हलणार नाही असं सेटिंग ठेवलं. पिस्टनवर मुलीची क्ले लावून अंतर पाहिलं. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची शाई लावून रोलर मध्यावरच घासतोय ना, तेही पाहिलं. म्हणजे मोजण्यासारखं सगळं मोजलं, फक्त धातू कुठला ते सोडून.

१६ ऑगस्ट, दहीहंडीचा दिवस. दाणोली सोडून घाट चढायला लागलो. गाडी खेचत होती, कबूल करतो, दहा मिनिटं मी राजा होतो. मग खट्. आवाज एकच, आणि इंजिन मेलं. धबधब्याकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांतून लोक माझे फोटो काढत होते. पावसात दीड तास उभा राहिलो, टेम्पोचे २,८०० दिले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकाकांनी कव्हर उघडलं. इनलेटचा आर्म मधोमध तुटलेला, पुशरॉड वाकडा, रोलरच्या बारीक सुया तेलाबरोबर खाली उतरून टायमिंग गिअरच्या दातांत अडकलेल्या. तुटलेल्या तोंडावर राखाडी, रवाळ बीड दिसत होतं. काकांनी कानस फिरवली, सोनेरी रंग पापुद्र्यासारखा निघाला. ‘ह्यां बीड आसा रे. वर रंग मारल्यानी हा. माका इचारलंस काय?’ नाही विचारलं, काका. गिअर, पुशरॉड, तेलाची वाट साफ करणं आणि मजुरी मिळून २७,४०० झाले. मूळ रॉकर मी काजूच्या डब्यात जपून ठेवले होते, तेच परत बसले.

आता तक्रारीची गजाल ऐका. ठाण्याचं नाव घेत नाही, तिथेच राहायचंय. पहिला प्रश्न, ‘माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?’ दुसरा, ‘दुकान पुण्याचं, पुण्याला जा.’ गुन्हा कुठेही घडलेला असला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे नव्या कायद्यात लिहिलंय असं म्हटलं, तर साहेबांनी विचारलं, वकील आहात का? मी चारशेवीस म्हणालो तेव्हा मात्र त्यांना कायदा आठवला, ‘ते आता ३१८ झालं.’ झालं ना, मग लावा की! तीन खेपा, तीन अर्धे दिवस पगार कापून. तिसऱ्या खेपेला कळलं की माझा आधीचा अर्ज सापडत नाही. बँकेत उत्तर तयार होतं, पिन तुम्हीच टाकलात. कुरिअरवाला म्हणतो, सही तुमचीच आहे. सगळीकडे माझीच सही, माझाच पिन, माझाच मूर्खपणा. तो माणूस कुठल्याच कागदावर नाही. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, हे खरं आहे. पण नोटीस पाठवायची कुठे? भाचा पुण्यात असतो, त्याला नाना पेठेत पाठवलं. त्या नंबरचं दुकानच नाही. हाच भाचा मे महिन्यातही पुण्यातच होता.

बिल तेव्हा नीट वाचलं असतं तरी भागलं असतं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. माझ्या बिलावर ०७, म्हणजे दिल्ली. पत्ता नाना पेठ आणि नंबर दिल्लीचा! जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की मालकाचं नाव फुकट दिसतं. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आणि पहिला माल चांगला आला म्हणून दुसऱ्याचे सगळे पैसे आधी देऊ नका. माझ्या शेवटच्या हप्त्यापासून तक्रारीपर्यंत ९१ दिवस गेले होते, तोवर त्या खात्यात काय उरणार?

परवा वेंगुर्ल्याच्या एका पोराने मला विचारायला फोटो पाठवला. तोच सोनेरी आर्म, मागे त्याच लाकडी टेबलाचा तुटका कोपरा, विकणाऱ्याचं नाव तेवढं वेगळं. ९,००० त्याने सकाळीच भरले होते. तो मला रेशो बरोबर आहे का विचारत होता. म्हटलं, रेशो राहू दे बाबा, फोन ठेव आणि आधी १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लाव.