अंगणातलं आर्सेनिक उपसणारा नेचा: दोन वर्षं वापरून

आमचं घर फ्लोरिडात, ओर्लँडोजवळ, 1990 च्या सुमाराचं. मागच्या दारी लाकडी डेक होता. त्या काळी लाकूड कुजू नये, वाळवी लागू नये म्हणून त्यात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक दाबाने मुरवत. घरांसाठी असं लाकूड बनवणं 2003 अखेर थांबलं, पण आधी बांधलेले डेक तसेच राहिले. त्याच डेकला लागून मी चार वर्षं अळू आणि मेथी लावत होते. मुलाने हट्टाने माती तपासायला पाठवली. किलोला 17 मिलिग्रॅम आर्सेनिक निघालं. राहत्या जागेसाठी इथली मर्यादा 2.1 आहे. नातीला मी त्याच अळूच्या वड्या करून घातल्या होत्या. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

डेक काढून टाकला आणि एका ऑनलाइन नर्सरीतून टेरिस विटाटा या नेच्याची 18 रोपं मागवली. खोकं उघडताच ओळख पटली. वाईला आमच्या वाड्याच्या विहिरीत चुन्याच्या सांध्यांतून हाच नेचा डोकावायचा! हा आर्सेनिक खातो हे शोधलं फ्लोरिडा विद्यापीठाच्या लेना मा आणि सहकाऱ्यांनी, 2001 मध्ये, आणि तेही इथल्याच एका लाकूड-प्रक्रियेच्या जुन्या जागेवर. तिथल्या मातीत किलोला सुमारे 39 मिलिग्रॅम आर्सेनिक होतं, नेच्याच्या पानांत तीन हजारांहून जास्त. मुळं आर्सेनिकला फॉस्फेट समजून आत घेतात आणि झाड ते पानांत नेऊन साठवतं.

रोपं ओल्या शेवाळात नीट गुंडाळलेली होती. एक मेलेलं निघालं, ते तक्रार न करता बदलून दिलं. पहिले दोन महिने मात्र सगळी पिवळी पडून बसली. मग विहिरीतला चुना आठवला. आमची रेताड माती आम्लधर्मी, तिच्यात बागेचा चुना मिसळला आणि पावसाळ्यात रोपं गुडघ्यापर्यंत आली. ही सूचना रोपांसोबत आलेल्या पत्रकात हवी होती.

पत्रकाबद्दलच माझी मोठी तक्रार आहे. त्यात लिहिलं होतं, छाटलेली पानं कंपोस्टमध्ये टाका. अहो, जे जमिनीतून काढायचं तेच पानांत भरलेलं असतं! कंपोस्ट केलं की ते पुन्हा वाफ्यात. जाळलं तर धुरात. पान झाडावरच वाळून गळालं तरी पावसाने धुपून आर्सेनिक खाली उतरतं. म्हणून मी पानं हिरवी असतानाच, हातमोजे घालून कापते, जाड पिशवीत बांधते आणि काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर देते. मी कळवल्यावर नर्सरीने उत्तर दिलं, पण पत्रक अजून तेच आहे. लहान मुलं असलेल्या घरात हे फार गंभीर आहे, म्हणून एक तारा कापला.

फरक पडला का? दोन वर्षांनी त्याच जागची माती पुन्हा तपासली: 17 चे 13 झाले. मला हे थोडं वाटत नाही. इथल्याच एका दूषित जागेवरच्या प्रयोगात दोन वर्षांत 190 वरून 140 वर आलं होतं, म्हणजे वेग साधारण असाच. पण एका मोसमात माती साफ होईल या आशेने कुणी घेऊ नये. क्रोमियम आणि तांबं तर हा नेचा असं उपसत नाहीच. कडाक्याची थंडी पडते तिथे तो उघड्यावर टिकणारही नाही. न्यू जर्सीच्या माझ्या मैत्रिणीला मी नकोच म्हटलं.

माझे पाचापैकी चार तारे, आणि कुंपणाकडच्या पट्ट्यासाठी आणखी 12 रोपांची ऑर्डर दिली आहे. अळू आता पुढच्या अंगणात, विकतच्या मातीच्या कुंड्यांत आहे. मागच्या वाफ्यात पुढची तपासणी ऑक्टोबरात.