चंद्रतालकाठचा तंबू

गेल्या सप्टेंबरात मी, बायको, धाकटा भाऊ आणि आई असे चौघं हिमाचलमधल्या स्पितीतल्या चंद्रताल तलावाला निघालो. बेत साधा होता. तलावाकाठी तंबूत एक रात्र, सकाळी निवांत पूर्ण फेरी, दुपारी परतीची वाट. घेर जेमतेम अडीच किलोमीटर, चढ नाहीच म्हणा ना. राजगड, हरिश्चंद्रगड केलेल्याला ही सारसबागेतली चक्करच वाटते. मलाही वाटली, आणि अर्धा मी तिथेच फसलो.

बुकिंग इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीतून केलं. फोटोत तंबूच्या दारातून थेट निळंशार पाणी. फोन लावला तर पलीकडे चक्क मराठी! "दादा, आपलीच माणसं आहेत, काकूंची काळजी आमच्यावर सोडा." माणशी 7,500, शिवाय 'इनर लाइन परमिट'चे (सीमेलगतच्या भागात जायची परवानगी) माणशी 800 आणि फेरीसाठी गाईडचे 2,000. एकूण 35,200 रुपये. सगळे आधीच का, तर "वर नेटवर्क नसतं, कॅम्पवाल्याला पैसे आधी पोचवावे लागतात." नेटवर्क नसतं हे खरंच आहे, म्हणून पटलं. यूपीआयवर कंपनीच्या जागी कुणाचं तरी खासगी नाव दिसलं, तेही मी डोळ्यांआड केलं.

मनालीत गाडी मात्र वेळेवर हजर. नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ओलांडला आणि ग्राम्फूनंतर रस्ता असा उरलाच नाही, नुसते दगड आणि नाले. बातलपासूनच्या शेवटच्या 14 किलोमीटरना तासाहून जास्त लागला. अंधार पडता पडता पोचलो, तर कॅम्पवाल्याकडे आमच्या नावाचं बुकिंगच नाही. तलाव कुठे दिसतोय म्हणून मी इकडेतिकडे बघत होतो, तर तो हसला. "भाईसाब, झील के किनारे टेंट लगाना मना है." चंद्रताल 2005 पासून रामसर यादीतलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ क्षेत्र आहे. कॅम्प तलावापासून काही किलोमीटर अलीकडे असतात, गाड्याही आधीच थांबवतात आणि उरलेलं चालत जायचं. म्हणजे तो फोटो खरा असणं शक्यच नव्हतं. ड्रायव्हरला फक्त भाडं मिळालं होतं, बाकी त्याला काही माहीत नव्हतं. गाईडचा तर पत्ताच नाही. एजंटला फोन लावावा तर रेंज शून्य. या फसवणुकीची सगळी भिस्त त्यावरच आहे. त्या थंडीत आई कुडकुडत असताना वाद कोण घालणार? आईच्या पर्समधले 8,000 रोख दिले आणि तंबू घेतले.

पैशांचं दुःख मी विसरेन, त्या रात्रीचं नाही. चंद्रताल सुमारे 14 हजार फुटांवर, मनाली साडेसहा हजारांवर, आणि आम्ही एका दिवसात वर. (आपलं कळसूबाई 1,646 मीटर. मनालीचा बाजारसुद्धा त्याहून उंचावर आहे.) मी एजंटला आधी विचारलं होतं, उंचीची सवय व्हायला वाटेत सिस्सू गावात एक मुक्काम नको का? "दादा, डायमॉक्स घेतली की झालं." म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी. एक मुक्काम वाचला की त्याचा खर्च वाचतो, एवढाच त्याचा हिशेब. आईचं डोकं रात्रभर ठणकत होतं, दोनदा उलटी झाली. उजाडताच खाली निघालो. दुपारी बर्फ वितळून नाले फुगतात, त्यामुळे थांबून बघू म्हणण्याची सोय नव्हती. सिस्सूला आल्यावर तिने चहा मागितला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तलाव आमच्यापैकी कुणीच पाहिला नाही.

ते परमिटही थापच. भारतीय नागरिकाला स्पितीसाठी इनर लाइन परमिट लागत नाही. हे शोधायला दोन मिनिटं पुरली असती. बातलच्या पुढे रोख पैसे लागतातच, तेव्हा कॅम्पचे पैसे तिथेच चुकते करता येतात का एवढं जरी आधी विचारलं असतं, तरी याचं पितळ उघडं पडलं असतं.

परतल्यावर एजंट एकदा म्हणाला, "कॅम्पवाल्याचा गोंधळ झाला दादा." मग मला ब्लॉक केलं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे देऊन तीन आठवडे उलटले होते. भावाने तो फोटो गूगलवर शोधला, तर लडाखच्या पँगाँग तलावाचा निघाला.

परवा तोच फोटो नव्या नावाच्या पेजवर दिसला. खाली लिहिलं होतं, 'गुरुडोंगमार, लेकसाइड मुक्काम'. सिक्कीममधल्या गुरुडोंगमार तलावावर रात्री थांबूच देत नाहीत.