पथ्याची माणसे आणि थीम पार्कचा एक दिवस : नौपाड्यातील एका सहल-नियोजन सेवेचा अनुभव

आमच्या घरातून थीम पार्कला जायचे म्हटले की तिकिटांच्या आधी डब्यांचा आणि औषधांचा विचार करावा लागतो. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला टाइप 1 मधुमेह आहे, 68 वर्षांच्या सासूबाईंना उच्च रक्तदाब आणि गुडघेदुखी आहे, आणि ऐरोलीला राहणाऱ्या नणंदेच्या मुलाला सीलिॲक आजार असल्यामुळे गहू कायमचा वर्ज्य आहे. या तिघांना एकाच दिवशी, एकाच ठिकाणी नेण्याचे धाडस आम्ही दोन वर्षे पुढे ढकलत होतो. यंदा एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा संपल्यावर ठाण्याच्या नौपाड्यातील एका लहान कार्यालयाची मदत घेतली. तेथे एक आहारतज्ज्ञ आणि सहलींचे काम पाहणारे एक गृहस्थ मिळून, घरात आजार किंवा पथ्य असलेल्या कुटुंबांसाठी दिवसभराच्या सहलीचा आराखडा करून देतात. आम्ही त्यासाठी 1,800 रुपये दिले. गाडी आणि पार्कची तिकिटे आपली आपणच पाहायची असतात.

पहिल्या भेटीतच या सेवेबद्दल विश्वास वाटू लागला, कारण त्यांनी कोणत्या राइड आवडतात हे विचारण्याआधी प्रत्येकाच्या जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा लिहून घेतल्या. सासूबाई प्रवासात पाणी टाळतात हे त्यांनी न सांगताच ओळखले. स्वच्छतागृह कुठे असेल याची खात्री नसली की आपल्याकडची वयस्कर बायकामाणसे सकाळपासून घोटभर पाण्यावर दिवस काढतात, आणि उन्हाळ्यात रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना तेच अंगाशी येऊ शकते. सासूबाईंच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी एक गोळी आहे. तिच्या वेळेबद्दल स्वतः काहीही न सुचवता, आपल्या डॉक्टरांना काय विचारायचे तेवढा प्रश्न त्यांनी कागदावर लिहून दिला आणि पार्कच्या नकाशावर प्रत्येक स्वच्छतागृहाभोवती लाल पेनाने गोल काढून दिले. तो नकाशा सासूबाईंनी दिवसभर स्वतःच्या पर्समध्ये ठेवला आणि त्या खरोखरच पाणी प्यायल्या.

बहुतेक थीम पार्कांत बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, आणि आमच्यासारख्यांचे घोडे नेमके तेथेच अडते. कार्यालयाने दहा दिवस आधी डॉक्टरांची पत्रे जोडून पार्कला ईमेल केला होता आणि आलेल्या उत्तराची छापील प्रत आमच्या हातात दिली होती. प्रवेशद्वाराशी सुरक्षारक्षकाने ती वाचली, डबे उघडून पाहिले आणि आम्हाला आत सोडले. तोंडी विनंतीवर हे काम झाले असते असे मला वाटत नाही.

मात्र या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे हाताच्या पंजाएवढे एक कार्ड, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला हिंदी. त्यावर लिहिले होते : ‘या मुलाला गहू, मैदा, रवा किंवा जव यांचा कोणताही पदार्थ चालत नाही. असा पदार्थ ज्या तेलात तळला, ज्या तव्यावर भाजला किंवा ज्या डावाने ढवळला, ते तेल, तो तवा आणि तो डावही चालत नाही. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो, म्हणून फोडणीत हिंग नको. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, साबुदाणा चालतो.’ आपल्याकडच्या कोणत्याही खानावळीत ‘जैन’ म्हटले की कांदा, लसूण, बटाटा आपोआप बाजूला होतो आणि ‘उपवासाचे’ म्हटले की वेगळे काही सांगावे लागत नाही, पण ‘ग्लूटेन’ (गहू, जव यांतले प्रथिन) हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस नम्रपणे मान डोलावतो आणि पोळीच्या तव्यावरच डोसा घालतो. त्याला समजणाऱ्या वस्तूंची नावे घेतली की तोच माणूस अतिशय जबाबदारीने वागतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

पार्कमधील उपाहारगृहात मी ते कार्ड दिले, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने ते थेट आत नेले आणि दोन मिनिटांत मुख्य आचारी हात पुसत बाहेर आले. त्यांनी हिंगाची डबी सोबत आणली होती. घटकांची बारीक अक्षरे डोळ्यांजवळ धरून त्यांनी वाचली, ‘मैदा’ या शब्दावर बोट ठेवले आणि म्हणाले, “ताई, मग आमची डाळ, भाजी, आमटी, काहीच द्यायला नको. सगळ्यांत हिंग पडलाय.” त्यानंतर त्यांनी वेगळ्या पातेल्यात लावलेला भात, बंद डब्यातले ताजे दही आणि तुपात जिरे घालून परतलेला बटाटा एवढेच दिले, आणि तेही मला आत बोलावून, धुतलेली कढई दाखवून. सीलिॲक असलेल्या मुलाच्या आतड्याला पोळीचा चुराही त्रास देतो. भारतीय नियमांप्रमाणे ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात ग्लूटेनचे प्रमाण किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये, यावरून ही मर्यादा किती कडक आहे ते लक्षात यावे. भाच्याने दोनदा भात मागून घेतला. बाहेर जेवताना दुसऱ्यांदा मागण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते.

याच्या अगदी उलट अनुभव सकाळी एक्स्प्रेसवेवरच्या एका थांब्यावर आला होता. कळवा, विटावामार्गे ऐरोलीहून भाच्याला घेऊन आम्ही निघालो होतो, आणि चहाला थांबल्यावर तेथल्या विक्रेत्याने “बटाटेवड्याला फक्त बेसन लागते, खाऊ द्या त्याला” असे ठामपणे सांगितले. मागच्या कढईत त्याच तेलात समोसे तळले जात होते. भाच्याने स्वतःच नको म्हटले आणि पिशवीतली राजगिऱ्याची चिक्की काढली, तरी वड्याकडे पाहणारा त्याचा चेहरा माझ्या मनातून गेलेला नाही. दहा किंवा त्याहून अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थांतील ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी, असा अन्नसुरक्षा नियम आहे. महामार्गावर थांबायचेच असेल, तर अशा ठिकाणी ती माहिती मागून घ्यावी, ती मागणे हा आपला हक्क आहे.

आता सेवेतील उणिवेविषयी लिहिते, कारण ती गंभीर होऊ शकली असती. इन्सुलिन थंड ठेवण्यासाठी त्यांनी पाण्यात भिजवायची एक कापडी पिशवी भाड्याने दिली होती. तिच्या आतले स्फटिक पाणी शोषून फुगतात आणि ते पाणी हळूहळू वाफ होऊन उडताना आतली वस्तू थंड राहते, म्हणजे आपल्या माठाचेच तत्त्व. पण वाफ व्हायला वारा लागतो, आणि ही पिशवी त्यांनी चेन असलेल्या प्लॅस्टिकच्या संचात घालून दिली होती. दुपारी जेवणाआधी मी इन्सुलिनचे पेन हातात घेतले तर ते कोमट लागले, आणि संचाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले होते. वापरात असलेले इन्सुलिन साधारणपणे 30 अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावे लागते, आणि बाहेर उन्हाने अंग भाजत होते. सुदैवाने दुसरे पेन आम्ही घरून आणलेल्या थर्मासमध्ये, बर्फाला थेट लागू नये म्हणून टॉवेलात गुंडाळून ठेवले होते, कारण गोठलेले इन्सुलिनही फेकूनच द्यावे लागते. ते वापरले आणि कापडी पिशवी सॅकच्या बाहेर, सावलीच्या बाजूला टांगली. ही गोष्ट कार्यालयाला कळवल्यावर त्यांनी चूक मान्य केली, पण एवढी साधी सूचना संचावर आधीच छापलेली असायला हवी होती.

राइडच्या रांगांचा त्यांचा अंदाजही चुकला. चार वाजताचा खाऊ कागदावर वेळेवर होता, पण त्या वेळी आम्ही रांगेत अडकलो होतो आणि खाऊची पिशवी लॉकरमध्ये होती. मुलीचे हात थरथरू लागले. बोट टोचून पाहिले तर साखर 64. मधुमेहात 70 च्या खाली आकडा गेला की 15 ग्रॅम साखर देऊन 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचे असते. माझ्या ओढणीच्या गाठीत ग्लुकोजची पुडी होती, म्हणून निभावले. रांग सोडून कडेला बसलो आणि पुन्हा आकडा 96 आल्यावर ती स्वतःच उठली. ग्लुकोज लॉकरमध्ये नव्हे, अंगावर असावे, हे वाक्य त्यांच्या आराखड्यात अगदी वर यायला हवे.

सासूबाईंसाठी चाकाची खुर्ची मिळाली. उच्च रक्तदाबाच्या व्यक्तींनी बसू नये असे लिहिलेल्या राइड त्यांनी अर्थातच टाळल्या, आणि दुपारचे तीन तास वातानुकूलित सभागृहांतील खेळ पाहण्यात आनंदाने घालवले.

एवढ्या त्रुटी असूनही दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा याच कार्यालयाकडे जाणार आहे, आणि त्याचे कारण आराखड्याच्या शेवटच्या ओळीत आहे. सहलीचा आराखडा घरी परतल्यावर संपेल असे मला वाटले होते, पण त्यात लिहिले होते : ‘रात्री 2 वाजता साखर तपासावी. दिवसभराच्या चालण्याचा परिणाम झोपेत दिसतो.’ गजर लावून उठले. आकडा 74 होता. मुलीला अर्धवट झोपेतच उठवून बसवले, कपभर दूध आणि दोन बिस्किटे दिली, आणि तीन वाजता पुन्हा तपासून मगच दिवा मालवला.