साताऱ्यातले रविवारचे कुटुंब वर्ग: फुकट आहेत, तरी पारखूनच सांगतो

आमच्या पेठेतल्या वाचनालयाने यंदा कुटुंबांसाठी चार रविवार वर्ग घेतले. खाली बालविभागात आठवी ते दहावीच्या पोरांना बचतीचे धडे. वर हॉलमध्ये मोठ्यांसाठी दुसरा विषय: स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरी कसं सांभाळायचं. फी नाही, मधल्या सुट्टीत चहा-बिस्कीट. नातू खाली, मी वर. मी एसटीत कंडक्टर होतो आणि आमच्या हिला अल्झायमर आहे, त्यामुळे पैसे मोजणं आणि विसरणं, दोन्ही माझ्या रोजच्यातलंच.

बचतीच्या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या. ‘लहानपणापासून सवय लावा’ वगैरे भाषण न करता त्यांनी पोरांच्या हातात खातं उघडायचे फॉर्मच दिले. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं उघडून चालवता येतं, किती रकमेपर्यंत ते ज्याची त्याची बँक ठरवते, आणि शिल्लक असेल तेवढेच पैसे निघतात, खातं उणे जात नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये हे नियम पुन्हा एकदा नीट लिहून दिलेत, तरी आमच्या गल्लीतले निम्मे बाप अजून ‘अठरा पूर्ण लागतात’ म्हणून पोरांना परत पाठवतात. पोस्टाच्या आरडीत, म्हणजे दर महिन्याला भरायच्या ठेवीत, महिना १०० रुपये ५ वर्षं भरले तर आत्ताच्या ६.७ टक्के दराने ६,००० चे ७,१०० च्या वर होतात, हे नातवाने फळ्यावर मांडून दाखवलं. त्याला ते कमीच वाटलं. वाटणारच, बुटांची किंमत त्याला माहीत आहे.

गृहपाठ मात्र झकास होता. घरातल्या मोबाईलवरून आठवड्यात गेलेले सगळे पैसे वहीत उतरवायचे. ड्यूटी संपली की वेबिल, म्हणजे विकलेल्या तिकिटांचा हिशेबाचा कागद, आणि रोकड जुळल्याशिवाय आम्ही डेपोतून हलायचो नाही, कमी पडले तर खिशातून भरायचे. आत्ताच्या पोरांनी नोट मोडलेलीच नाही, तर त्यांना सुट्टे कमी पडल्याची धास्ती कुठून असणार? नातवाच्या वहीत सगळ्यात मोठा आकडा बापाच्या ‘किरकोळ’ खात्यावर निघाला. दोन दिवस घरात जरा गार वातावरण होतं.

तिसऱ्या रविवारी मात्र खाली एक गुंतवणूक सल्लागार आणून बसवला होता. त्याने तासभर फंडांची नावं सांगितली आणि बिस्किटांबरोबर स्वतःची कार्डं वाटली. नववीतल्या पोरांना! वाचनालयाने हे पुढच्या खेपेला बंद करावं.

आता वरचं. शिकवायला एक समाजसेविका आणि एक परिचारिका होत्या. देशात साठीच्या पुढच्या माणसांत साधारण ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना डिमेन्शिया, म्हणजे हाच स्मृतिभ्रंश, आहे, हा आकडा एकदाच सांगितला आणि लगेच घरात शिरल्या. नुकतं विसरायला लागलेलं माणूस असेल तर आधी बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्या, कारण त्यातलं काही औषधाने सुधारतं. सांभाळताना सगळ्यात जड गेलेली गोष्ट म्हणजे वाद न घालणं. ही रोज तिन्हीसांजेला ‘आईकडे सोडा मला, शेवटची गाडी जाईल’ म्हणून पिशवी भरते. सासूबाईंना जाऊन कैक वर्षं झाली. मुलगा सांगायचा, ‘आई, आज्जी कधीच गेली’, आणि ही प्रत्येक वेळी आजच कळल्यासारखी रडायची. परिचारिका म्हणाल्या, खरं-खोटं करत बसू नका, आईबद्दल विचारा, घर कसं होतं ते विचारा. मी आता विचारतो, ‘तुमच्याकडे गाडी कुठनं मिळायची?’ मग फाट्यावरचं वडाचं झाड येतं, ओढा येतो, म्हैस येते, आणि पिशवी बाजूला राहते. रोज जमतं असं नाही.

बाकीच्याही गोष्टी अशाच कामाच्या. अंधार पडायच्या आत दिवे लावून पडदे ओढायचे, म्हणजे संध्याकाळची घालमेल कमी होते. दाराची कडी नजरेला पडणार नाही इतक्या वर बसवायची, पण माणसाला एकटं कोंडून बाहेर जायचं नाही. एका-दोन दिवसांत एकदम बरळायला लागलं तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसायचं नाही, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा पोट तुंबलेलं असू शकतं, डॉक्टरांकडे न्यायचं. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मन थकलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, हे दोन नंबर फळ्यावर शेवटपर्यंत ठेवले होते.

कायद्याचा भाग शेवटच्या रविवारी, तोही अर्धा तास. हे उलटं झालं. मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते मुखत्यारपत्र उपयोगाचं राहत नाही, हे ऐकून हॉलमधले निम्मे लोक सरळ बसले. डिमेन्शिया झालेल्या मोठ्या माणसासाठी पालक नेमून घ्यायचा तर उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. म्हणून सही करता येते आणि कशावर करतोय ते कळतं, तोवरच खातं जोडनावावर करून घ्यायचं, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ असं लिहून. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या भावाचं लक्षण नुकतंच सुरू झालंय, त्यांचे तीन आठवडे फुकट गेले.

आमच्या घरी हे काम झालं ते खालच्या वर्गामुळे. बाईंनी पोरांना सांगितलं होतं की १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत वारसनोंद, म्हणजे नॉमिनी, करता येते. घरी येऊन नातवाने जेवताना विचारलं, ‘आबा, आज्जीच्या पासबुकात कोणाचं नाव आहे?’ काढून बघितलं तर तिच्या वडिलांचं. लग्नाआधीचं खातं. हिची सही अजून येते, चांगल्या दिवशी मजकूरही वाचून घेते, म्हणून असाच एक चांगला दिवस बघून सकाळी बँकेत गेलो. दोन मजल्यांवरचे वर्ग जोडायची ही कल्पना आयोजकांना सुचली असेल की जागेच्या सोयीने झालं असेल, कोण जाणे. पण ज्या घरात म्हातारं माणूस आणि शाळकरी पोर दोन्ही आहेत, त्यांनी दोघांची नावं एकदमच घालावी.

मोठी खोट वेळेची आहे. अकरा ते एक. ज्याच्या घरी असं माणूस आहे, त्यालाच त्या वेळी बाहेर पडता येत नाही. माझी सूनबाई होती म्हणून मी जाऊ शकलो. एक बाई आईला घेऊन आल्या होत्या, ती माउली मिनिटा-मिनिटाला उठत होती आणि लोक मागे वळून बघत होते. बाजूच्या खोलीत चटई टाकून एक स्वयंसेवक बसवला असता तरी भागलं असतं. पुस्तिकेचा टाईप इतका बारीक की चष्म्यावर चष्मा लागेल, आणि पडद्यावरची अर्धी अक्षरं इंग्रजी.

पुढची तुकडी उन्हाळी सुट्टीत आहे म्हणतात. नाव नोंदवताना घरी सांभाळायला कोणी नाही हे कागदावर लिहूनच द्या. तोंडी सांगितलेलं काउंटरवर राहत नाही. जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी बेतानं चढा.